म्हशीच्या पोटातली तार

पुन्हा वाजलं. बॅटरी नवी घातली, तरी वाजलं.

“अजून बोंबलतंय व्हय?” आतून शांतादेवी म्हणाली. “बाळासो भावजी आले की दाखवा त्यास्नी.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं संसार करून बायकोला एवढंही कळू नये, की या घरात वाटेल ते बोलावं, पण बाळासोचं नाव काढू नये!

बाळासो आणि मी मंगळवार पेठेतल्या एकाच दुकानात, एकाच बाकावर रेडिओ दुरुस्त करायला शिकलो. आज गल्लीच्या तोंडाला त्याचं काचेचं दुकान आहे आणि मी घरातच पाटावर बसून काम करतो. हात माझा चांगला, जीभ त्याची गोड. लोक जिभेकडे जातात. मला त्याचा हेवा वाटतो आणि तो मी लपवतही नाही.

हे यंत्रसुद्धा त्याच्याकडेच आलं होतं. बाळासो नृसिंहवाडीला गेलेला, म्हणून राधानगरीकडचे गुरांचे डॉक्टर धैर्यशील त्याच्या दाराचं कुलूप बघून माझ्याकडे वळले. लांब दांडा, पुढं कडं. धातू जवळ आला की वाजायचं. जनावरानं वैरणीबरोबर तार किंवा खिळा गिळला, तर पोटाखाली धरून कळतं.

“चिमणाबाईंची म्हस चार दिस झालं खात न्हाय,” डॉक्टर म्हणाले. “तार असंल तर पोट फाडाय लागतंय. नसंल तर उगंच मुक्या जनावराला कशाला फाडायचं? आणि हे तर हवेतबी वाजतंय. चारला येतो. तुम्हास्नी न्हायच जमलं, तर बाळासो येतीलच तवर.”

ते शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं.

दोष मी अकरालाच पकडला होता. दांड्यातली वायर तुटलेली. सोल्डर केली. मग रेडिओच्या काळापासूनच्या सवयीनं यंत्र छातीशी धरून कान लावला, तर वाजतंच होतं. मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या, लोखंडी कॉट नको म्हणून गच्चीवर गेलो. तिथंही छातीशी धरलं, तरी तेच. तीनदा सोल्डर काढून पुन्हा केली.

साडेतीनला बाळासोच दारात उभा. हातात वाडीचे पेढे.

“प्रभ्या, परसाद घे. डॉक्टरांचं यंत्र हाय न्हवं हे? बघू.”

“बघ की. तुझंच गिऱ्हाईक हाय.”

त्यानं दांडा उचलला. यंत्र गप्प. किल्ल्यांवर नेलं, वाजलं. बाजूला घेतलं, पुन्हा गप्प.

“चालू हाय की रं!”

मेलं यंत्रसुद्धा याच्याच हातात शहाण्यासारखं वागतं! माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

मग कडं माझ्याकडे वळलं आणि छातीपाशी येताच वाजलं. सदऱ्याच्या आत माझं इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत. आम्हा लिंगायतांच्या अंगावरून ते उतरत नाही. पूजेपुरतं हातावर घेतो, तेवढंच. घड्याळ काढताना, किल्ल्या काढताना ती डबीही धातूची आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती माझं अंगच झाली होती.

बाळासो हसला असता, तर मी त्याला माफ केलं असतं. पण तो हसला नाही. यंत्र हळूच खाली ठेवून त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला.

चारला डॉक्टर आले. “मी काय केलं न्हाय,” बाळासो म्हणाला. “सगळं प्रभ्याचं काम हाय.”

डॉक्टर हसले. “हा तुमचा मोठेपणा, बाळासो.” त्याला हात जोडले आणि यंत्र घेऊन गेले.

खरं बोलूनही मोठा तोच झाला. तो पेढा मला काही गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत त्याची हाक ऐकू आली. फोन अर्थातच त्याला आला होता.

“प्रभ्या! तार घावली रं! बोटाएवढी हाय! म्हस उभी ऱ्हायली!”

दुकानातली, रस्त्यावरची माणसं त्याच्याभोवती गोळा झाली होती. कुणीतरी त्याची पाठ थोपटली. मी माडीवरच्या खिडकीत गेलो, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, “घावणारच की!”

कुणीच वर बघितलं नाही. बाळासोनं तेवढं बघितलं.