मशेरीच्या डबीतलं माझं पान

मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. पुठ्ठा गेलाय, शिवण उसवलीय आणि मित्रांनो, मी भलताच भित्रा आहे. मशेरीच्या डबीचं झाकण वाजलं, तरी माझी पानं थरथरतात!

छापखान्यातून मी आलो तो थेट कन्हेरी गावात, अप्पांच्या हातात. काय थाट होता माझा! दिवसभर उसाचं बेणं तोडून आले की अप्पा मला मांडीवर घ्यायचे. माझ्या लांबलचक शब्दांत मधे मधे टिंबं आहेत. ती दाखवून ते नातीला, मेघनाला सांगायचे, "ही उसाची पेरं समज. शब्द पेरापेरावर तोडायचा. अन् ही जोराची खूण म्हंजी डोळा. कोंब तितनंच फुटतो, आवाज तितंच चढवायचा."

मग घरात मोबाइल आला आणि मी फळीवर गेलो. कसर लागली. एक दिवस मेघनाच्या भागुबाई आजींनी मशेरी बांधायला माझं एक पान टर्रकन फाडलं. मी ओरडलो, पण शब्दकोशाचं कोण ऐकतं?

गेल्या वर्षी बारामतीच्या इंग्रजी वाचनस्पर्धेत मेघना एका लांब शब्दावर अडकली. "एसटी बंद पडली, धक्का मारा!" तिच्या वर्गातला राजवर्धन ओरडला. सगळे हसले. ती रडतच खाली उतरली.

यंदा तिनं अप्पांना आणि मला सोबत नेलं. मोबाइल दारातच जमा झाले. उतारा हातात पडला, तयारीला पाचच मिनिटं. त्यात 'रिस्पॉन्सिबिलिटी'! तिनं मला भराभरा चाळलं. नेमकं तेच पान नव्हतं!

ती अप्पांकडे वळली. "अप्पा, मी न्हाय जात. परत हसतील."

"मेघे, डोळा दिसंना तर आपण बोटानं चाचपतो न्हवं? चाचप की."

तिनं बोटांवर सहा पेरं मोजली. एकेकावर जोर देऊन पुटपुटली. पहिल्यावर शब्द अडला, दुसऱ्यावर तोंडात घोळला. चौथ्यावर, 'बि'वर, सुळकन निघाला.

पण तोच बरोबर कशावरून? नाव पुकारलं. मी अप्पांच्या काखेत घट्ट मिटलो. तो शब्द आला. मेघना थांबली. राजवर्धननं तोंड उघडलं...

"रिस्पॉन्सि-बि-लिटी!" ठणठणीत, माझ्या फाटल्या पानावर होता तस्साच!

राजवर्धनचं तोंड उघडंच राहिलं. बक्षीस नाही मिळालं, पण मेघना उड्या मारत घरी आली.

मित्रांनो, चिमूटभर मशेरीसाठी आम्हाला फाडू नका. कुणाला तरी ऐन वेळी तेच पान लागतं.

अरे देवा, झाकण वाजलं! आजी माझ्याकडंच येताहेत. मी संपलो...

हुश्श! एका हातात माझं तेच चुरगळलेलं पान आहे, दुसऱ्या हातात ते चिकटवायला खळीची वाटी.