मधलं कुंड

बाड हिंटरआख या डोंगरातल्या गावच्या स्नानगृहात मी सव्वीस वर्षं सांधेदुखीच्या माणसांना गरम पाण्यात उतरवलं. हात धरून, पायरीपायरीनं. मग नवे व्यवस्थापक फॉस आले. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"नोटबुर्गा, उद्यापासून तुमचे पेशंट मागच्या दारानं येतील आणि मागच्या कुंडात बसतील. मधल्या कुंडातून शिखरं दिसतात, तिथे आता फक्त हॉटेलचे पाहुणे. परवा अकराला फोटोवाले येताहेत."

"मागच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. पाणी कोमट. डॉक्टर त्यांना अडतीस अंश लिहून देतात."

"समजून घ्या हो. लोक इथे काहीतरी सुंदर बघायला येतात."

 एवढं बोलून ते पुन्हा संगणकाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पेशंटना हे सांगताना माझी जीभ अडखळत होती. उंटरराइनरचा गुडघा बोगद्याच्या कामात चिरडला होता. तो खो खो हसला. "म्हणजे आम्ही ध्यानं! साहेबाला सांग, तरुणपणी बघायला हवं होतंस मला."

झेन्झीबाई हसल्या नाहीत. त्र्याऐंशीचं वय, कॅन्सरनं एक स्तन गेलेला. पोहण्याच्या कपड्यात सगळ्यांसमोर यायला त्यांना चार महिने लागले होते. टॉवेलची घडी घालत त्या म्हणाल्या, "मग मी घरीच बसते."

तिथे माझं डोकं फिरलं.

"कुणी घरी बसायचं नाही. उद्या पावणेअकराला या. सगळे. पुढच्या दारानं!"

एकोणीस जण आले. काठ्या, कुबड्या, पट्टे बांधलेल्या कमरा. दिवे लावून फोटोवाला तयार होता. फोटोसाठी आणलेल्या, पांढऱ्या झग्यातल्या दोन मुली काठावर बसल्या होत्या. मी एकेकाला पाण्यात सोडायला लागले. फॉस धावतच आले.

"हे काय चाललंय?"

"उपचार."

"बाहेर काढा त्यांना!"

"तुम्ही काढा. उतरा पाण्यात, धरा एकेकाचा हात. याच्या गुडघ्याला जपा, आत लोखंड आहे."

"आधी बूट काढा, साहेब!" उंटरराइनर पाण्यातून ओरडला. "बूट घालून उतरलेलं हिला खपत नाही."

एक मुलगी फिसकन हसली. फोटोवाल्यानं दिवे बंद केले.

झेन्झीबाई सगळ्यात शेवटी उतरल्या. माझा हात संतापानं थरथरत होता. त्या म्हणाल्या, "अगं, आधार कोण कुणाला देतंय?"

त्याच दुपारी फॉसनी माझी बदली धुलाईघरात केली. डॉक्टरांनी नगरपालिकेत तक्रार केली, पेशंटनी सह्या दिल्या. सात आठवड्यांनी मधलं कुंड परत मिळालं, पण आठवड्यातून तीनच दिवस.

गावात लोक म्हणतात, "नोटबुर्गा, जिंकलीस बाई तू!" कसलं जिंकणं? जे पेशंटचंच होतं, त्यातलं अर्धं परत मिळालं, आणि तेही उपकार केल्यासारखं. झेन्झीबाईंना आता एक नवी पोरगी उतरवते. ती घाई करते, म्हणतात.

फॉस बोळात भेटले की गोड हसून नमस्कार करतात. मी करत नाही. टॉवेलांची गाडी ढकलत सरळ पुढे जाते. बाजूला त्यांनाच व्हावं लागतं.