आईचा आवाज साठवायला जोडलेला संगणक

मित्रांनो, जालन्यातल्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर मी चादर पांघरून बसलेलो असतो. मी आता म्हातारा झालेला संगणक आहे. मला कोणी चालू करत नाही, आणि भंगारातही देत नाही.

ते दोन हजार दोन साल होतं. श्रीपतीराव एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघत. त्यांनी तयार संगणक घेतला नाही. औरंगाबादहून सुटे भाग आणले, रविवारी ते चटईवर मांडले आणि सोबतची पुस्तिका वाचत वाचत मला जोडलं. त्यांचे हात घाई करत होते. त्याला कारण होतं.

त्यांच्या पत्नीला, अरुंधतीबाईंना, घशाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांची मुलगी शरयू तेव्हा बालवाडीत होती. आईने गोष्ट सांगितल्याशिवाय ती घास गिळत नसे. घरातला टेप केव्हाच बिघडला होता, आणि कॅसेट झिजते, गुंतते. म्हणून आईच्या गोष्टी माझ्यात साठवायच्या, असं श्रीपतीरावांनी ठरवलं.

माझा पडदा पहिल्यांदा उजळला तेव्हा अरुंधतीबाईंनी मला कुंकू लावलं. मला फार अभिमान वाटला.

मग त्या माइकपुढे बसल्या आणि शरयूची आवडती गोष्ट सांगू लागल्या. एक शेळी बाजार बघायला टेंपोत चढते आणि चुकून वडीगोद्रीला पोचते, अशी ती गोष्ट. त्यांचा आवाज तेव्हाच बसत चालला होता, तरी शेळीचं बोलणं त्या हुबेहूब काढत. थोडा वेळ मी बराबर चाललो. मग माझी गती मंदावली. माऊसचा बाण अडखळू लागला. गोष्ट परत लावली तर मधले शब्दच गायब. "शेळी टें... टेंपोत बस... डीगोद्री..."

शरयू खो खो हसली. "आई, शेळीला उचकी लागली!"

अरुंधतीबाईही हसल्या. श्रीपतीराव मात्र हसले नाहीत.

मित्रांनो, माझं दुखणं साधं होतं. माझ्या प्रोसेसरवर थंडाव्यासाठी ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. तो ठोकळा चार कोपऱ्यांत घट्ट बसावा लागतो. त्याचा एक कोपरा वर राहिला होता. मी तापायचो, आणि जळू नये म्हणून आपोआप हळू चालायचो. हे मला कळत होतं. सांगायला तोंड नव्हतं.

श्रीपतीरावांनी जंग जंग पछाडलं. आधी त्यांना वाटलं, गावातल्या स्टील मिलांमुळे लाइट कमीजास्त होते, म्हणून त्यांनी स्टॅबिलायझर लावला. मग रॅम वाढवली. मग एकेक प्रोग्राम काढून टाकला. रोज ऑफिसातून आले की चहा न घेता ते माझ्यापुढे बसत. शेवटी त्यांनी ओळखीच्या दुकानातल्या वसंताला बोलावलं.

वसंता म्हणाला, "साहेब, विंडोज बिघडलं असंल. फॉरमॅट मारू, मंग पळंल बघा. आतलं काही ठेवायचं का?"

श्रीपतीरावांनी अरुंधतीबाईंकडे पाहिलं.

"नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुटकंच आहे ते. नीट चालायला लागला की मी सगळ्या गोष्टी पुन्हा सांगीन. अजून वेळ आहे."

ऑपरेशनला खरंच वेळ होता. वसंताने बटण दाबलं. शेळी, टेंपो, वडीगोद्री, सगळं पुसलं गेलं. मी कोरा झालो. आणि थोड्या वेळाने पुन्हा तापलो.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून फोन आला. गाठ वाढते आहे, थांबून चालणार नाही, लगेच भरती व्हा. दारात जीप उभी राहिली. अरुंधतीबाई पिशवी खाली ठेवून माझ्यापुढे बसल्या. "शरू..." एवढंच त्या म्हणाल्या आणि माझा पडदा गोठला. श्रीपतीराव बटणं दाबत राहिले. जीपवाल्याने हॉर्न दिला.

"राहू द्या हो," असं म्हणून त्या उठल्या.

ऑपरेशन झालं. त्यांचा जीव वाचला. कपडे न्यायला श्रीपतीराव एक दिवस घरी आले. त्यांनी मला चालू केलं, माझं झाकण उघडलं आणि आतल्या ठोकळ्याला नुसता हात लावला. चटका बसला. त्यांनी वाकून पाहिलं, तो वर राहिलेला कोपरा बोटाने दाबला. खट्. एवढंच.

मी वाऱ्यासारखा पळू लागलो.

शरयू आजीसोबत दारात उभी होती. "बाबा, झाला का चांगला?"

"झाला."

"मंग आईला बोलवा ना गोष्ट सांगायला."

श्रीपतीराव माझ्या टेबलावर डोकं टेकवून रडले. लेकीसमोर ते त्याआधी कधी रडले नव्हते.

अरुंधतीबाई घरी आल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यावर पांढरं फडकं होतं. काय झालं होतं ते नवऱ्याने सांगितलं. त्या त्यांच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या. पुढे त्यांनी सगळ्या गोष्टी माझ्यावर टाइप केल्या, एकेक अक्षर शोधत. त्या मी नीट सांभाळल्या. पण शेळीचा आवाज टाइप करता येत नाही.

कॉलेजात गेल्यावर शरयूने एकदा विचारलं, "बाबा, आईचा आवाज कसा होता? मला आठवतच न्हाई."

श्रीपतीरावांनी शेळीचं बोलणं काढून पाहिलं, ते जमलं नाही. अरुंधतीबाईंनी उठून माझ्यावर चादर ओढली.

मित्रांनो, आमच्यासारखं यंत्र हळू झालं, तर आधी झाकण उघडून हात लावून बघा. आम्हालाही ताप येतो. आणि तुमच्याजवळ घरातल्या कोणाचा आवाज साठवलेला असेल, तर तो तुटका असो, खरखरता असो, चांगला मिळेपर्यंत पुसू नका. चांगला मिळाला, तरी पुसू नका.

आता हे वाचणं राहू द्या. आईला हाक मारा, आणि ती 'ओ' कशी देते ते ऐका.