डबाभर वाळू

काचवाल्याने माशांच्या टाकीच्या खालच्या सांध्यावरून बोट फिरवलं, ओलं बोट शर्टाला पुसलं आणि म्हणाला, "सिलिकॉन गेलंय. रिकामी करावी लागेल."

"सगळी?" मी विचारलं.

"अर्धी रिकामी केली तर अर्धी गळत राहील, ताई."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा गेल्यापासून ती या खोलीत बसली तरी टाकीकडे पाठ करून बसे. मासे बाबांचे होते, त्यांच्याकडे बघणंही बाबांचं काम होतं, असं काहीसं. ती म्हणाली, "रिकामी करतेच आहेस तर ती वाळूपण जाऊ दे. नवीन काहीतरी आण. दुकानात रंगीत खडे मिळतात म्हणे."

काचवाला वाकून तळाकडे बघत होता. वाळू चांगली आहे की, असं तो म्हणाला. त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही. त्याला वाटलं असेल, घरात माणूस गेलंय, बोलायची इच्छा नसेल. तसं नव्हतं. त्या वाळूबद्दल आमच्या घरात कुणीच कधी बोलत नसे.

बाबा पाणी गाळायच्या केंद्रात कामाला होते. नदीचं पाणी मोठ्या हौदांतल्या वाळूतून झिरपवायचं, आणि वाळू मळली की खालून उलटं पाणी सोडून ती धुवायची, हे त्यांचं काम. काय करता असं कुणी विचारलं तर ते सांगत, वाळू धुतो. समोरचा हसला की तेही हसत. मग म्हणत, पाणी काय, आपलं आपण येतं आणि जातं. आम्ही वाळूकडे बघतो.

मी शाळेत असताना त्यांनी ही टाकी घेतली आणि सिक्लिड जातीचे मासे आणले. मातकट रंगाचे, अंगावर निळसर ठिपके, उतरत्या कपाळामुळे कायम गंभीर दिसणारे. हे मासे तळाशी तोंड खुपसतात, घासभर वाळू उचलतात, तोंडात घोळवून त्यातलं खाण्याजोगं ठेवून घेतात आणि बाकीची कल्ल्यांतून सोडून देतात. दिवसभर हाच उद्योग. त्यांना बारीक, गोल कणांची वाळू लागते. आणि केंद्राच्या मागच्या भिंतीला हौदांतून काढलेल्या जुन्या वाळूचा ढीग वर्षानुवर्षं पडून होता. त्यावर गवत उगवलं होतं.

मागितली असती तर कुणीही दिली असती, असं नंतर सगळे म्हणाले. पण गेटाबाहेर काहीही न्यायचं तर साहेबांची चिठ्ठी लागे, आणि डबाभर वाळूसाठी चिठ्ठी मागायची बाबांना लाज वाटली. ते जेवून झालं की डबा धुवायचे, त्यात वाळू भरायचे आणि संध्याकाळी घरी येऊन टाकीत ओतायचे. ओतायची त्यांची एक रीत होती. भरलेला डबा झाकणासकट पाण्यात न्यायचा, पार तळाला टेकवायचा, आणि मग पाण्याखालीच झाकण काढून हळूच कलता करायचा. वरून टाकली की पाणी गढूळ होतं आणि मासे घाबरतात, म्हणायचे.

तळ भरत आला होता. फक्त समोरचा डावा कोपरा राहिला होता.

त्या दिवशी केंद्रातून पितळेच्या काही वस्तू नाहीशा झाल्या म्हणून गेटावर प्रत्येकाचं सामान तपासत होते. नवीन साहेब स्वतः उभे होते. त्यांनी बाबांचा डबा उघडला. पाळी सुटायची वेळ, मागे रांग. साहेबांनी डब्यात बघितलं, बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "रोज हेच जेवता?"

रांग हसली. साहेबांनी वाळू तिथेच गेटाशी ओतायला लावली, डबा उलटा करून तळावर टिचकी मारून दाखवायला लावलं आणि जाऊ दिलं. शिक्षा काहीच नाही. पुढे कधी त्यांनी तो विषयही काढला नाही. पण आम्ही केंद्राच्याच वसाहतीत राहत होतो, त्यामुळे बाबा घरी पोचायच्या आधी गोष्ट घरी पोचली होती. जिन्यात बायका बोलता बोलता थांबल्या. शाळेच्या बसमध्ये कुणीतरी माझा डबा कानाशी धरून हलवला आणि खडखडतोय का ते ऐकलं. बाबांचं नाव वाळूशेठ पडलं, ते निवृत्तीच्या समारंभातल्या भाषणापर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा डबा नेईनासे झाले. आई ब्रेड आणि उकडलेली अंडी प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत बांधून द्यायची. ती पिशवी हातात लोंबकळवत ते गेटातून आत जायचे आणि तशीच रिकामी, घडी करून मुठीत धरून बाहेर यायचे. आत काय आहे ते लांबूनही दिसावं. निवृत्त होईपर्यंत असंच चाललं. डबा माळ्यावर गेला. टाकीतला डावा कोपरा तसाच उघडा राहिला, तिथे तळाची काच दिसायची.

मी तेव्हापासून एक गोष्ट धरून चालले होते, की बाबांना तो दिवस कधी पचलाच नाही. पिशवी हा त्याचा पुरावा होता. दुसरा पुरावा म्हणजे माशाचं नाव. त्यातल्या थोराड नराला ते साहेब म्हणायला लागले. पुढे तो गेला, त्याच्या पिल्लांतला एक थोराड झाला, मग तो साहेब. पद रिकामं राहत नसे. "तोंडात घेतो, नीट तपासतो आणि परत देतो," बाबा म्हणायचे. "साहेब असावा तर असा." आई उठून आत जायची. मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे.

काचवाला आणि मी मिळून मासे टबात काढले, पाणी उपसलं, वाळू बादल्यांत भरली. बादल्या मी दाराबाहेर जिन्यापाशी ठेवल्या. खाली नेऊन झाडांत ओतायच्या होत्या, पण जड होत्या आणि तेवढं निमित्त मला पुरलं. सांधा सुकेपर्यंत काही दिवस टाकी कोरडी होती. मग मी दुकानात गेले.

दुकानदार बोलका होता. टाकी केवढी, मासे कुठले, कधीपासून पाळता, असं विचारत त्याने समोर थाळ्या मांडल्या. पांढरे गुळगुळीत खडे, काळी खडी, शिंपल्यांचा चुरा. आत्ता तळाला काय आहे, त्याने विचारलं.

"वाळू."

"कुठली?"

"वडिलांनी आणली होती."

"कुठून?"

त्याचा प्रश्न धंद्याचा होता, एवढंच. मी म्हटलं, माहीत नाही. माझ्या वयाच्या बाईला इतक्या साध्या खोटेपणाने कानशिलं गरम होतात, हे मला नवीन होतं. तो काउंटरखाली वाकला आणि एक गोणी ओढून तिच्यातली मूठभर वाळू त्याने माझ्या हातावर ठेवली. "ह्या माशांना हीच घ्या. पाणी गाळायच्या केंद्रात वापरतात ना, तीच."

माझ्या तळहातावर आमच्या घरातली वाळू होती. तोच फिका पिवळा रंग, तेच गोल कण. दुकानात आणखी दोघंतिघं होती. त्यांतल्या कुणालाही आमच्याबद्दल काहीही माहीत असायचं कारण नव्हतं, आणि तरी मी ती घाईघाईने गोणीत परत टाकली, जणू कुणी माझी मूठ उघडून बघणार होतं.

"खडे द्या," मी म्हटलं. "पांढरे."

"अहो, तोंडात घेणारे मासे आहेत तुमचे."

"खडेच द्या."

"मासे तुमचे," तो म्हणाला आणि खडे मोजायला वळला.

टाकी पुन्हा भरली तेव्हा खोली उजळल्यासारखी दिसली. आई चक्क समोरच्या खुर्चीत बसली आणि स्वच्छ वाटतंय म्हणाली. मासे सोडले. साहेब तळाशी गेला, त्याने तोंड खुपसलं आणि एक खडा उचलला. थोडा वेळ तोंडात धरून टाकून दिला. दुसरा उचलला, टाकला. बाकीचे मासेही तेच करत होते. काचेपलीकडून खड्यावर खडा पडल्याचा बारीक टक् टक् आवाज येत राहिला. आम्ही दोघी तो ऐकत बसलो. आईने खुर्ची थोडी वळवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कोपऱ्यात एका जागी तरंगत होता, तोंड आ केलेलं. ते मिटत नव्हतं. खडा आत अडकला होता.

मी दुकानदाराला फोन केला. तो रागावला नाही. मासा ओल्या हातात धरा आणि बोथट काडीने हलकेच खडा बाहेर ढकला, जोर करू नका, एवढंच त्याने सांगितलं. मी मासा जाळीत घेतला, पण हातात धरवेना. आईने माझ्याकडे बघितलं, हात कोपरापर्यंत ओले केले, जाळीतून मासा उचलला आणि तळव्यांत धरला. तिने आजवर टाकीत बोटसुद्धा घातलं नव्हतं. आता ती त्याच्याशी बोलत होती, लहानपणी माझ्या पायातला काटा काढताना बोलायची त्या आवाजात. झालंच हं, झालंच. मी काडीचं बोथट टोक आत घातलं. खडा सुटून फरशीवर पडला. आईने हात पाण्यात बुडवून उघडले. साहेब तिच्या तळव्यावर क्षणभर तसाच राहिला, मग गेला.

तिने हात पुसले नाहीत. ते तसेच पुढे धरून ती उभी राहिली.

"ह्यांना काही वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"त्या दिवशी. घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, फजिती झाली आज. आणि हसले. दुसऱ्या दिवशी डबा मागत होते. म्हणाले, उघडतील तर उघडू देत, आता जेवणच असणार आहे त्यात. मी नाही दिला. पिशवी मी दिली."

"तू?"

"म्हटलं, मला जिन्यातून चढता-उतरता येत नाही. लोकांना दिसू दे आत काय आहे ते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी घेतली. मला वाटलं, आठवडाभर नेतील, मग मागतील डबा. त्यांनी मागितला नाही आणि मी काढला नाही."

मग ती साडीचा पदर खोचत म्हणाली, "रोज मी बांधायचे ती. गाठ मारायचे."

मी फरशीवरचा खडा उचलला. तो इतका पांढरा आणि गुळगुळीत होता की हातात घेऊन खेळावंसं वाटावं.

आईने दार उघडून बाहेरची एक बादली ओढत आत आणायला सुरुवात केली, तेव्हा मी दुसरी उचलली. खडे काढायला बराच वेळ गेला. बाहेर राहून वाळूला वास यायला लागला होता, म्हणून आई न्हाणीघरात पाटावर बसून ती धुवायला लागली. पाणी सोडायचं, हाताने ढवळायचं, गढूळ ओतून द्यायचं, पुन्हा सोडायचं. शेजारीण दारात आली आणि काय चाललंय म्हणाली. आईने मान वर न करता सांगितलं, "वाळू धुतेय. ह्यांनी केंद्रातून आणलेली." शेजारीणही त्या वेळी वसाहतीतच होती. ती दाराबाहेर राहिलेली शेवटची बादली आत सरकवून निघून गेली.

वाळू धुऊन झाल्यावर आईने मला स्टुलावर चढवलं आणि माळ्यावरून डबा काढायला लावला. स्टीलचा, एका बाजूला किंचित चेपलेला. झाकण घट्ट बसलं होतं. ते तिनेच काढलं, डबा धुतला आणि वाळूने काठोकाठ भरला. झाकण लावलं.

"कुठून सुरुवात करायची?" मी विचारलं.

"तिथून," ती म्हणाली. समोरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे कायम काच दिसायची.

मी म्हटलं, मग दुसरीकडे कुठेतरी कमी पडेल. ती म्हणाली, पडू दे.

तिने डबा दोन्ही हातांनी पाण्यात नेला. बाही भिजली, पदर भिजला. डबा तळाला टेकला तेव्हा काचेवर हलका आवाज झाला आणि मासे मागे सरले. तिने पाण्याखाली झाकण उघडलं आणि डबा हळूहळू कलता केला. पाणी जराही गढूळ झालं नाही. साहेब पुढे आला, त्याने डब्यात डोकं घातलं आणि तपासायला लागला. आईने हात हलवला नाही. त्याचं होईपर्यंत ती डबा तसाच उघडा धरून राहिली.