न नेलेले फोटो

पार्कचा इतिहास मी लिहावा असं धाकट्या मालकांनी सुचवलं तेव्हा मला हसूच आलं, कारण बत्तीस वर्षं मी तिथे जे काम केलं त्यात लिहिण्याचा संबंध फोटोच्या मागे नंबर टाकण्यापुरताच होता. पण पार्कला चाळीस वर्षं पूर्ण होत होती, थोरले मालक आता नव्हते, आणि कुठली राइड कधी आली, कधी मोडली, कशाचं काय झालं हे सांगू शकेल असा जुन्यांपैकी मी एकटाच उरलो होतो. "काका, तुम्हाला सगळं पाठ आहे," धाकटे मालक म्हणाले, "आणि जुने फोटोही तुमच्याच माळ्यावर आहेत."

फोटोंचं हे सगळ्यांना माहीत होतं. राइड जिथे सर्वांत जोरात खाली येते तिथे आमचा कॅमेरा बसवलेला असे. लोक धापा टाकत बाहेर आले की माझ्या खिडकीवर स्वतःचा फोटो शोधत, आवडला तर नेत, नाहीतर तोंड वाकडं करून निघून जात. न नेलेले फोटो रोज रात्री पार्क बंद होताना फाडून टाकायचे असा नियम होता. तो नियम मला कधी जमला नाही. माणसांचे चेहरे फाडायला हात धजेना, म्हणून मी ते चपलांच्या खोक्यांत भरून घरी नेत असे. "घर आहे की गोदाम?" असं बायको कुरकुरली, आणि मग तिनेच माळ्यावरची जागा रिकामी करून दिली. खरं सांगायचं तर ते चेहरे मी कधी पाहिलेच नव्हते. डोळे उघडे आहेत का, फोटो हलला नाही ना, नंबर बरोबर आहे का, एवढंच मी पाहत असे, आणि दिवसाला चारशे चेहरे नजरेखालून गेले की माणूस दुसरं काही पाहूही शकत नाही.

इतिहास तसा गमतीचा होता. सुरुवातीचे लाकडी घोडे वाळवीने खाल्ले, त्यांच्या गोल चौथऱ्यावर मोठाल्या फिरत्या कपबश्या आल्या. मुलांच्या आगगाडीला आधी सुरवंटाचं तोंड होतं, मग ड्रॅगनचं बसवलं, आणि सगळीकडे अवकाशाचं वेड शिरलं तेव्हा त्याच ड्रॅगनला चंदेरी रंग फासून त्याचं रॉकेट केलं. आतली मुलं तिन्ही वेळा सारखीच किंचाळत होती. पाण्यातल्या होड्यांना आधी 'धबधबा' म्हणत, नंतर प्लास्टरच्या दोन कवट्या आणून त्याची 'चाच्यांची गुहा' झाली. आकाशपाळणा उतरवला तेव्हा त्याचे खांब अंधाऱ्या बोगद्याच्या छताला लागले. आमचा फिटर म्हणायचा, इथे नवीन येतो तो फक्त रंग. हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर बसून रोज दुपारी लिहीत होतो, समोर बायको भाजी निवडत किंवा कपड्यांच्या घड्या घालत असायची, आणि मला वाटतं ते आमच्या संसारातले फार चांगले आठवडे होते.

तिसऱ्या खोक्यात मला होड्यांच्या पहिल्या आठवड्यातले फोटो सापडले. पुस्तकासाठी एखादा बरा निवडावा म्हणून मी ते पत्त्यांसारखे टाकत गेलो आणि एका फोटोवर हात थांबला. त्यात माझी बायको होती.

फोटो तीस वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारचा होता. होडी उतारावरून सुटलेली, पाणी दोन्ही बाजूंना उडालेलं, आणि पुढच्या बाकावर ती, केस मोकळे, तोंड उघडं टाकून हसणारी. माझी बायको हसताना तोंडावर हात ठेवते. केस ती घट्ट बांधते, झोपतानासुद्धा. आणि राइडमध्ये ती जन्मात कधी बसली नाही. सोसायटीच्या बागेतल्या झोक्यावरही तिला चक्कर येते, आणि मुलीच्या सातव्या वाढदिवसाला आम्ही सगळे पार्कात गेलो तेव्हा ती खाली सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी होती. फोटोत तिच्या शेजारी एक पुरुष होता. रुंद कपाळाचा, सरळ नाकाचा, देखणा म्हणावा असा. पुढच्या दांड्यावर त्याचा हात तिच्या हातावर होता, आणि एवढी होडी कोसळत असताना तो समोर न पाहता तिच्याकडे पाहत होता.

समोर ती शेंगा सोलत होती. "काय झालं हो?" तिने विचारलं. "काही नाही," मी म्हणालो, आणि फोटो वहीत सरकवला.

त्यानंतर मी इतिहास लिहीत नव्हतो, खोकी धुंडाळत होतो. ती दुपारी पडली की मी हॉलमध्ये एकेक खोकं उघडायचो. आठ दिवसांत सहा फोटो मिळाले. होड्या, कपबश्या, चंदेरी रॉकेट, बोगदा, उलटी फिरणारी बोट, मोठा रोलर कोस्टर. प्रत्येक नव्या राइडच्या पहिल्या आठवड्यातला एक. प्रत्येकात ती, आणि प्रत्येकात तोच. तिचे केस पिकत गेले तसे त्याचेही पिकले होते. रॉकेटच्या वेळी त्याला चष्मा लागला होता, कोस्टरच्या वेळी पोट सुटलं होतं, पण हात दर वेळी तिच्या हातावरच होता. हे चोरून भेटणाऱ्यांचे फोटो नव्हते. चांगला पंचवीस वर्षांचा संसार होता तो, आणि सहाही वेळा ती दोघं माझ्या खिडकीवर थांबून, आपला फोटो बघून, तो न घेता गेली होती. मला राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. मी तिला एकदाही तसं हसवलं नव्हतं.

कुणाला दाखवणार? घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणून फिटरला विचारू, की हा माझ्या बायकोबरोबरचा माणूस तुझ्या ओळखीचा आहे का? तेव्हा पासष्टाव्या वर्षी मी हेरगिरी सुरू केली. ती बाजारातून उशिरा आली की घड्याळ पाहू लागलो, फोन वाजला की बाल्कनीत झाडांना पाणी घालायचं निमित्त काढून कान देऊ लागलो. फोन नेहमी मुलीचाच असायचा. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि त्या वर्षी अकरा महिने घरी आली नव्हती. एकदा जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कधी पार्कात एकटी आली होतीस का गं? मी खिडकीवर असताना?"

"मी कशाला येऊ?" ती म्हणाली. "तुम्ही तरी मला बघितलं असतंत का?" आणि तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग माझ्या लक्षात आलं की खोकी हललेली आहेत. मी दोरीची गाठ डावीकडे ठेवतो, ती उजवीकडे होती. वहीतला फोटो होता तिथेच होता, पण उलटा. म्हणजे तिला कळलं होतं, आणि कळूनही ती गप्प होती. आता ती काय करणार याची मी वाट पाहू लागलो. ती नेहमीसारखीच वागत होती, फक्त माझ्याशी बोलताना नजर चुकवत होती, आणि गुन्हेगाराने नजर चुकवावी यात मला नवल वाटलं नाही.

रविवारी दुपारी तिने सहाही फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि मला हाक मारली. मला वाटलं, आता रडेल, कबूल करेल. मी मनात माफीची वाक्यंही जुळवली होती.

"ही कोण?" तिने विचारलं.

मला कळेना. ती स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून विचारत होती.

"ही बाई कोण, अहो? तीस वर्षं फिरवताय तिला. मला चक्कर येते म्हणून मी खाली उभी राहायची आणि तुम्ही हिला घेऊन वर बसायचात?"

"अगं, ही तूच आहेस," मी म्हणालो. "मी विचारतो, हा कोण?"

"हा?" ती माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तशी पाहत राहिली. "हे तुम्ही आहात. तुम्हाला तुमचं तोंड ओळखू येत नाही?"

मी बेसिनवरच्या आरशासमोर जाऊन उभा राहिलो. माझं आखूड कपाळ, बसकं नाक, सगळं माझंच होतं. फोटो शेजारी धरला; त्यातला माणूस कुठल्याही बाजूने माझ्यासारखा नव्हता. मग ती आली, तिनेही फोटो गालाशी धरून पाहिलं, आणि मला आरशात एकच बाई दोनदा दिसत असताना ती मान हलवून म्हणाली, "एक तरी गोष्ट जुळते का? सांगा ना." ती खोटं बोलत नव्हती. इतक्या वर्षांत मला तेवढं तरी कळतं. खोटं बोलत असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी धाकट्या मालकांचा फोन आला. नवा मनोरा सुरू होत होता, उंचावरून सोडून देणारा, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यात बसलेल्या माझा आणि बायकोचा फोटो हवा होता. ती नाही म्हणेल असं मला वाटलं. ती लगेच हो म्हणाली, आणि तिच्या त्या होकाराचाही मला संशय आला. बहुधा तिलाही माझ्या विचारण्याचा आला असावा.

सोमवारी सकाळी आम्ही मनोऱ्यात बसलो. मी मुद्दाम सगळं ध्यानात ठेवलं. तिचे केस बांधलेले होते. तिने डोळे गच्च मिटले होते, ओठ आत ओढून घेतले होते, आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या बाजूचा दांडा धरला होता. मी माझ्या बाजूचा धरला होता. आमच्या हातांमध्ये वीतभर अंतर होतं. खाली कोसळताना आम्ही दोघंही हसलो नाही, ओरडलोही नाही. कॅमेऱ्याचा उजेड चमकला तेव्हा मी तिच्याकडे नव्हे, समोर पाहत होतो.

माझ्या जुन्या खिडकीवर आता पडदा आहे, त्यावर फोटो उमटतात. आमच्या नंबरखाली माझी बायको होती, पांढरे केस मोकळे उडालेले, तोंड उघडं टाकून हसणारी, आणि तिच्या हातावर हात ठेवून तिच्याकडे पाहणारा तो. मी वळून शेजारी पाहिलं. बायको पडद्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती खूश आहात हो तुम्ही हिच्याबरोबर," ती हळू म्हणाली.

आम्ही घरी नेलेला तो पहिलाच फोटो. परतताना रिक्षात तिनेच सुचवलं की मुलीला दाखवू. शनिवारी ती येणारच होती. तिला काही सांगायचं नाही, फोटो हॉलमध्ये लावायचा आणि ती आपणहून काय म्हणते ते ऐकायचं. मला ते पटलं. पोरगी दोघांना जन्मापासून ओळखते, ती एका वाक्यात सोक्षमोक्ष लावेल, आणि मग ती काय म्हणेल त्याप्रमाणे एकाने दुसऱ्याची माफी मागायची, असं आमचं ठरलं. माफी बायकोलाच मागावी लागणार याची मला खात्री होती. तिच्या चेहऱ्यावरून तिलाही तशीच खात्री दिसत होती.

शनिवारी अकराच्या सुमारास मुलीने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी बसलो होतो, पण तिची नजर आधी भिंतीवर गेली. बॅग खांद्यावरच ठेवून ती फोटोपाशी गेली आणि खळखळून हसली.

"अगं बाई, आई-बाबा! मनोऱ्यात! आईने केस तरी किती मोकळे सोडलेत... आणि बाबा नेहमीसारखे तिच्याकडेच बघतायत."

आई-बाबा. दोघंही. मला इतकं हायसं वाटलं की मी बायकोचा हात धरला, आणि तिनेही माझा घट्ट धरला. दोघांचंही खरं होतं तर. कुणीच कुणाला फसवलं नव्हतं. "बघ," मी मुलीला म्हणालो, "आम्ही तुझ्यासाठीच..."

ती वळली. आम्हाला पाहून जरा दचकली, मग ओशाळून हसली, आणि घरची माणसं घरात नसताना आलेल्या पाहुण्यांशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "सॉरी हं, माझं लक्षच नव्हतं. तुम्हाला बराच वेळ झाला का येऊन?"

बायको अर्धवट उठली. "अगं..." एवढंच तिच्या तोंडून आलं.

"बसा ना, बसा. आई-बाबा बाहेर कुठे गेले असतील तर येतीलच एवढ्यात." बॅग खुर्चीवर टाकून ती स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. तिने आतूनच विचारलं, दोघांनाही साखर चालते ना, आणि मी हो म्हणालो.

उघड्या दारातून मला ओटा दिसत होता. तिने कप काढले, दोन आमच्यासाठी, एक स्वतःसाठी, आणि क्षणभर थांबून जिन्याकडे कान देत आणखी दोन.