मूळ अर्थ

"कंगवा." तिने वडिलांच्या डाव्या हातात कंगवा ठेवला. "म्हणा बाबा, कंगवा."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. ओठ जुळवले.

"दाम," ते म्हणाले, आणि चुकलं हे कळून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांचं शब्दकोशाचं काम चालू होतं, पैशाच्या व्यवहारातल्या शब्दांपाशी आलेलं. ते सांगत, मुलगी लिहून घेई. दाम हा ग्रीकांच्या नाण्यावरून आलेला. महाग हा महार्घवरून, म्हणजे मोठ्या मोलाचा. त्या बिचाऱ्या शब्दावर लोक उगाच डाफरतात, असं ते म्हणायचे. आता त्यांच्याकडे उरले होते ते एवढेच शब्द. भूक लागली की 'भाव', उशी सरकली की 'महाग'. दुसऱ्या दिवशी नेमकं उलट. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, अर्थ शोधत बसू नका, थकाल. ती शोधायची आणि थकायची. नोकरी सोडली होती. लग्नाचं कुणी विचारलं की हसून विषय बदलायची.

रविवारी धाकटा भाऊ आला. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला.

"ताई, त्या वृद्धाश्रमात दिवसरात्र नर्स असते. मी स्वतः खोली बघून आलोय. तू जरा आरशात बघ, काय अवस्था करून घेतलीयस."

"बाबा तिथे कुणाशी बोलणार?"

"इथे तरी कुठे बोलतायत?" म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

वडिलांनी हात उचलला. बोट आधी तिच्याकडे केलं, मग दाराकडे. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"तू... खर्च."

भाऊ पुढे झाला. "बाबा, खर्चाची काळजी नका करू. मी आहे ना."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. पुन्हा तिच्याकडे, पुन्हा दाराकडे. "खर्च! खर्च!" डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काय म्हणतायत गं?"

तिला कळलं होतं. तो शब्द तिनेच लिहून घेतला होता. अरबीतून आलेला, मूळ अर्थ बाहेर पडणं, निघून जाणं. तरीच पैसा घरात टिकत नाही, म्हणून तेव्हा दोघं पोट धरून हसली होती.

वडील तिच्याकडे टक लावून बघत होते. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका स्वच्छ दिसला नव्हता.

"काही नाही रे," ती भावाला म्हणाली. "पैशांचंच. तिथलं आपल्याला झेपणार नाही, म्हणतायत."

तिने त्यांचा हात धरून खाली आणला, पांघरुणात घातला आणि कडा गादीखाली नीट खोचल्या. पांघरुणाखाली तो हात बराच वेळ हलत राहिला.