प्रमुख कुणी ठरवला?

महाडच्या एका खासगी रुग्णालयातल्या कॉम्प्युटरची सगळी जोडणी अंकिता सांभाळायची. लोखंडी कपाटात नेटवर्कचे दोन स्विच होते, सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा त्यांच्यातच येत; ते एकमेकांना जोडून एकच यंत्र असल्यासारखे चालत. त्यातला एक प्रमुख, आणि दोघंही त्याच्याच सेटिंगवर. प्रमुख कोण, हे आपण दिलेल्या आकड्यावर ठरतं. मोठा आकडा जिंकतो. इथे तो कुणी दिलाच नव्हता.

"सर, आकडा देऊन ठेवू या," ती व्यवस्थापक विपुल सरांना म्हणाली होती. "उद्या तिसरा जोडला तर निवड आपल्या हातात राहणार नाही."

"चाललंय ना? मग हात लावू नकोस."

चुलत बहिणीच्या साखरपुड्याला अंकिता शिवथरला गेली आणि सरांनी दासगावच्या बंद झालेल्या दवाखान्यातला जुना स्विच आणून, चालू करून, स्वतःच जोडून टाकला. आकडा कुणालाच दिलेला नव्हता, म्हणजे सगळे सारखे; अशा वेळी कारखान्यातून आलेला क्रमांक ज्याचा लहान तो प्रमुख. जुनाच निघाला. रुग्णालयातले आधीचे दोन्ही स्विच बंद पडून पुन्हा उठले ते दासगावची सेटिंग घेऊन, आणि तिच्यात इथल्या एक्स-रे यंत्राची वाटच नव्हती.

अंकिता परतली तेव्हा बाकं भरली होती. पोलादपूरच्या डोंगरातल्या ठकूबाई हात झोळीत घालून बसल्या होत्या.

"हाताचा फोटो काढलाय गो पोरी, पण डॉक्टरांना तो दिसत नाय म्हणतात. किती बसायचं?"

"हिनंच सेटिंग कच्ची ठेवली," विपुल सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

अंकिताच्या कानशिलांत आग पेटली. पण ठकूबाईंच्या सुजलेल्या हाताकडे बघून ती आधी कपाटाकडे वळली. जुन्याची तार काढली, स्वतः जपून ठेवलेली सेटिंग परत चढवली, पहिल्या स्विचला सगळ्यात मोठा आकडा दिला. कॉम्प्युटरच्या पडद्यांवर फोटो उमटले. मोडलेलं हाड दिसलं, ठकूबाईंना प्लास्टरसाठी आत नेलं.

"झालं ना? विषय संपला," सर म्हणाले.

"नाही संपला. तो स्विच कुणी जोडला? मला सगळ्यांसमोर बोललात, आता खरंही सगळ्यांसमोर सांगा."

सर मोबाइलमध्ये बघू लागले. रुग्णालय ज्यांचं, त्या डॉक्टर रेश्मा मॅडम पुढे आल्या. "जाऊ दे ना, अंकिता."

त्या 'जाऊ दे'नं ती आणखीच भडकली. तिनं कपाटाला कुलूप घातलं नि किल्ली मॅडमच्या हातावर ठेवली. "नाही जाऊ देणार, मॅडम. हे कपाट कोण उघडतं, ते यापुढे तुम्हाला माहीत असलं पाहिजे."

विपुल सरांनी माफी मागितली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मात्र पुढच्याच आठवड्यात किल्लीसाठी त्यांना मॅडमच्या दारात उभं राहावं लागलं, आणि "कशाला हवी?" याचं उत्तर द्यावं लागलं. अंकितानं ते ऐकलं. तेवढ्यानं तिचा राग उतरला नाही.